धागा तोच, खळ तीच

वडगावात आमच्या बोळात सात माग होते,
आता चार चालतात.
त्यातल्या तिसऱ्यावर मी प्लॅस्टिक विणतो.
साडीचा ताणा उतरवला त्या दिवशी
कांड्या भरणारी गंगव्वा म्हणाली,
"ह्याला काठ कुठला लावणार गा तू?"

धागा नव्हे, पट्टी आहे. अडीच मिलिमीटर रुंद,
पीळ पडला की वाया, सपाटच झोपली पाहिजे.
रेशीम रुसायचं, हिला वीज येते:
कोरड्या दुपारी हातावरचे केस उभे राहतात
आणि विणलेलं कापड पोटाला चिकटून बसतं,
शाळेला जायचं नसलेल्या पोरासारखं.

मृणाल बेळगुंदकर उद्यमबागेतून स्कूटरवर येते,
हेल्मेट काढायच्या आत बोलायला लागते.
पहिल्या दिवशी तिनं सांगितलं ते असं:
ही पट्टी आधी ढिली असते, आत सगळा गुंता.
तापवून ओढायची, दहापट लांब करायची,
मग गुंता सरळ होतो, ओळीत उभा राहतो.
बळ बाहेरून घातलेलं नाही, ओढल्याचं आहे.
वर त्याच मालाची पातळ साय, लवकर वितळणारी.
थर रचा, दाबा, ऊब द्या,
साय विरघळते, पट्टी शाबूत.
"म्हणजे धागा तोच, खळ तीच," मी म्हणालो.
तिनं वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, थट्टा करते.

त्यांच्या शेडमागे जुने पत्रे पडलेत,
काचेचा धागा, राळेची खळ. मोटारीच्या पोटाखालचे.
मजबूत होते, नाही कोण म्हणतंय?
पण फुटल्यावर त्यांचं काही होत नाही.
काच राळेला सोडत नाही, राळ काचेला.
पावसाळ्यात शेवाळ धरतं,
हात लावला तर दोन दिवस बोटं खाजतात.

प्रेसवर नागेंद्र मुचंडी. वीस वर्षं फौंड्रीत,
लोखंडाचा रंग बघून ताप सांगायचा.
इथं रंगच नाही, सगळं दुधाळ.
एकशे तीसला थर पापडासारखे सुटले.
एकशे सत्तरला पट्ट्यांना ओढायच्या आधीचं आठवलं,
एकदम आखडल्या,
फूटभर चौकोनाची चुरगळलेली भाकरी.
"मधे जागा किती?"
मृणाल म्हणाली बारा अंश.
नागेंद्र म्हणाला सहा. उरलेले तुझ्या वहीतले.

तेरावा पत्रा दाबात होता.
गंगव्वा सहज आली होती बघायला,
चहा ओतणाऱ्या पोराला म्हणाली, "साकु, साकु!"
नागेंद्रला वाटलं आपल्यालाच,
त्यानं बटण दाबलं.
तो पत्रा जमला.
वहीत वेळ आणि ताप आहे. चहा नाही.

शिडीवरून पाच किलोचा लोखंडी गोळा सोडला.
आवाज फुटल्याचा नाही,
भाताच्या पोत्यावर पडल्यासारखा.
खळगा पडला, चीर नाही.
मी हात फिरवला, माझी वीण आतून दिसत होती,
एके ठिकाणी चुकलेला बाणासुद्धा.
असा पत्रा भिंतीवर लावायचा असतो.
मृणालनं तो चुरा करायच्या यंत्रात घातला.

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी पिशवीभर दाणे घेऊन आली.
वेगळं काही काढावं लागलं नाही, म्हणाली,
सगळं एकच होतं, एकच निघालं.
"आणि बळ?"
"ते राहिलं नाही. ते परत ओढावं लागतं.
दर खेपेला थोडं कमी."
हे तिनं हळू सांगितलं, हेल्मेट काढून.

त्या दाण्यांची पट्टी काल आली, जराशी धुरकट.
गंगव्वानं कांडी उजेडात धरली, काही बोलली नाही.
मी टोक दातात धरून ओढलं.
थोडं लांबलं.
मग थांबलं.